गंबो: रू कुठवर भाजायचा, भेंडी की फीले, आणि टोमॅटोचं काय?

बिडाचं_पातेलं

अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याच्या गंबो या रश्श्याचा विषय निघाला की 'भेंडी घातलेलं तिखट सूप' एवढ्यावर तो उरकला जातो. मग कुणीतरी भेंडी, कोळंबी, टोमॅटो एकत्र उकळतं आणि 'काही खास नाही' म्हणून सोडून देतं. गंबोचा जीव भाजलेल्या पिठात आहे. त्या पिठाला तिथे रू म्हणतात: मैदा आणि तेल एकत्र परतत परतत चॉकलेटी रंगावर आणायचं. तो जमला तर आत कोंबडी घाला, खेकडे घाला नाहीतर नुसता पाला घाला, गंबो होतो. लुईझियाना राज्याने २००४ साली गंबोला अधिकृत मान दिला, पण 'खरा गंबो कुठला' यावर तिथल्या दोन घरांचं एकमत होत नाही. त्यामुळे या धाग्यावरही भांडायला हरकत नाही, फक्त कारणं देऊन भांडा.

सुरुवातीला राज्याच्या पश्चिमेकडच्या केजन (तिथे वसलेल्या फ्रेंच वंशाच्या गावकऱ्यांच्या) पद्धतीचा कोंबडी-आंदुईचा गंबो देते. ८ ते १० माणसांना पुरतो.

तेल १ कप (२४० मिली), मैदा १ कप (न दाबता, साधारण १३० ग्रॅम). मोठे कांदे २, हिरवी ढोबळी मिरची १, सेलरीचे दांडे ३, सगळं बारीक चिरून. लसूण ६ पाकळ्या. आंदुई (धुरावलेलं डुकराचं) सॉसेज ४५० ग्रॅम, अर्ध्या सेंटीमीटरच्या चकत्या. हाडांसकट कोंबडी दीड किलो. कोंबडीचा स्टॉक अडीच लिटर. बे लीफ २, सुकं थाइम १ चमचा, मिरपूड १ चमचा, केयेन तिखट अर्धा चमचा. मीठ अगदी शेवटी, कारण आंदुई खारट असते. वरून कांदेपात आणि पार्सली.

आधी चकत्या परतून बाजूला काढा. सुटलेली चरबी रूच्या तेलातच धरा. पातेल्याच्या बुडाला चिकटलेलं मात्र थोडं पाणी घालून सोडवून घ्या आणि ते पाणी स्टॉकमध्ये टाका. ते बुडाशी तसंच राहिलं तर रू होण्याआधी करपतं आणि सगळ्याला कडवटपणा येतो. मग कोरड्या पातेल्यात तेल तापवून मैदा घाला आणि मध्यम-मंद आचेवर ४० ते ५० मिनिटं ढवळत राहा. रंग आला की कांदा. तो ५ मिनिटं परतला की सेलरी आणि ढोबळी मिरची, शेवटी लसूण. स्टॉक एकेक डाव घालत जा. उकळी आली की कोंबडी, सॉसेज, मसाले. मंद आचेवर दीड तास. कोंबडी काढून हाडं वेगळी करा, मांस परत आत सोडा. वरचा तवंग काढा.

लिहायला सोपं आहे. बिघडतं कुठे ते खाली बोलू.

सदाभूक

बे लीफ म्हणजे तमालपत्रच ना? मग सरळ तमालपत्र का नाही लिहिलं?

बिडाचं_पातेलं

मुद्दाम नाही लिहिलं. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, त्यावर लांबीला तीन ठळक शिरा असतात आणि वास दालचिनी-लवंगेकडे झुकतो. गंबोत लागतं ते लॉरेलचं पान, मधोमध एकच शीर. आपलं तमालपत्र टाकलंत तर गंबोला पुलावाचा वास येईल. लॉरेल मिळालं नाही तर काहीच घालू नका, थाइमवर भागतं.

मैदामास्तर

वर '४०-५० मिनिटं' लिहिलंय, पण घड्याळ लावून रू करू नका. आच, पातेल्याची जाडी, तेलाचं प्रमाण या तिन्हींवर वेळ बदलते. रंग आणि वास पाहा.

पहिली १० मिनिटं मिश्रण फिकट असतं, बुडबुडे येतात, कच्च्या पिठाचा वास असतो. मग ते वाळूच्या रंगावर येतं आणि मक्याच्या लाह्यांसारखा वास सुटतो. साधारण २० मिनिटांनी पीनट बटरचा रंग, वास भाजलेल्या दाण्यांचा. बेसनाचे लाडू करणारे इथे थांबतील, कारण त्यांच्या मते खमंग भाजून झालं! इथून पुढे मिश्रण अचानक सैल पडतं, डावावरून ओघळायला लागतं. जुन्या तांब्याच्या नाण्यासारखा तांबूस, मग दूध-चॉकलेट, मग गडद चॉकलेट. या टोकाला वास कॉफीकडे जातो. त्याच्यापुढे एक मिनिटभरातच करपट.

शेवटची १० मिनिटं सगळ्यात दगाबाज. आधीच्या अर्ध्या तासात रंग जेवढा सरकत नाही तेवढा तो या वेळात सरकतो. आच कमी करा आणि कालथा बुडाच्या कडेकडेने फिरवा. गोल चमच्याने कोपऱ्यातला मैदा सुटत नाही आणि करपायला सुरुवात तिथूनच होते. सपाट टोकाचा लाकडी कालथा हवा.

काळे ठिपके दिसले की संपलं. गाळून, वरचं वरचं घेऊन, साखर घालून, काही केल्या ते सुधारत नाही. टाका आणि नव्याने करा. एक कप मैद्याचं नुकसान परवडतं, त्यावर ओतलेली दीड किलो कोंबडी परवडत नाही.

चिरलेला कांदा, मिरची, सेलरी मैदा घालण्याआधीच शेजारी तयार हवी. रू थांबवायचा म्हणजे त्यात भाजी ओतायची. गॅस बंद केला तरी बिडाच्या भांड्यात तो आणखी दोन-तीन छटा गडद होतो. आणि भाजी टाकताना हात लांब ठेवा. पाण्याचा अंश पडताच वाफेचा लोट उठतो आणि शिंतोडे उडतात. रू तेलापेक्षा वाईट भाजतो, कारण तो कातडीला चिकटून बसतो. तिथल्या स्वयंपाकघरांत त्याला 'केजन नापाम' (नापाम म्हणजे युद्धातलं अंगाला चिकटून जळणारं इंधन) असं टोपणनाव आहे ते उगाच नाही.

पळीपंचपात्र

लोणी का नको? फ्रेंच रू तर लोण्याचाच असतो.

मैदामास्तर

फिकट रूला लोणी चालतं. लोण्यातला दुधाचा अंश मात्र आधी करपतो, मैदा चॉकलेटी व्हायच्या कितीतरी आधी. साजूक तुपात तो अंश नसतो म्हणून तूप तग धरतं, पण तुपाचा वास गंबोत आगंतुक वाटतो. शेंगदाणा, सूर्यफूल, कनोला असं कुठलंही रिफाइंड तेल घ्या. जुन्या घरांत डुकराची चरबी वापरत, तीही उत्तम.

सदाभूक

कपाला कप की वजनाला वजन? दोन्ही वाचलंय. कपाने केला तर वर इंचभर तेल तरंगतं.

बिडाचं_पातेलं

दोन्हींत बराच फरक आहे. कपभर तेल साधारण २२० ग्रॅम भरतं, कपभर मैदा १३०. म्हणजे कपाच्या मापात तेल वजनाने जवळजवळ पावणेदोन पट. असा सैल रू ढवळायला सोपा, सारखा भाजतो, नवख्याला हाच बरा. जादा तेल दीड तासाच्या उकळीत वर येतं, ते पळीने काढून टाकायचं. तवंग काढणं हा पाककृतीचाच भाग आहे, चूक नव्हे. वजनाला वजन घेतलं तर तेल कमी तरंगतं, पण मिश्रण घट्ट असतं आणि तळाला लवकर लागतं.

मिसळीचा कट आवडणाऱ्यांना तवंग काढायचं जिवावर येईल. इथे काढाच. या तेलाला तर्रीची चव नसते, नुसतं ओशट लागतं.

कडेकडेने

काहींचा रू स्टॉकमध्ये मिसळतच नाही. वर तपकिरी कण तरंगतात आणि खाली पाणी. हे कशाने?

मैदामास्तर

बहुतेक वेळा सगळा स्टॉक एकदम ओतल्यामुळे. पहिले तीन-चार डाव थोडे थोडे घाला आणि दरवेळी घोटून घ्या. आधी घट्ट गोळा होतो, मग तो सैल पडतो. त्यानंतर उरलेला ओतला तरी चालतो. स्टॉक कोमट असला की बरं. दुसरं कारण म्हणजे पुरेशी उकळी न येणं. सुरुवातीची ५-१० मिनिटं चांगली खळखळ उकळी येऊ द्या, मगच आच मंद करा. नुसत्या गरम पाण्यात पीठ फुलत नाही. कण दिसत असतील तर घाबरून आणखी मैदा घालू नका, १० मिनिटं जोरात उकळा आणि ढवळा. बहुतेकदा जुळून येतं.

ओव्हनवाला

तासभर ढवळायची ताकद नसेल तर ओव्हनमध्ये करा. तेल-मैदा बिडाच्या भांड्यात कालवून १७५ अंश सेल्सियसला उघडं ठेवायचं, दर २० मिनिटांनी एकदा ढवळायचं. दीड ते दोन तासांत दूध-चॉकलेटच्या रंगावर येतो आणि कडा करपण्याची भीती जवळजवळ नाही.

मायक्रोवेव्हमध्येही होतो. पाऊण कप तेल, पाऊण कप मैदा, उष्णता सोसणाऱ्या मोठ्या काचेच्या मापात, पूर्ण ताकदीवर ६-७ मिनिटं. ढवळायचं, मग ३०-३० सेकंदांनी रंग बघत पुढे न्यायचं. प्लास्टिक अजिबात नको, वितळेल. काच काढून ओल्या ओट्यावर ठेवू नका, तडकेल.

बिनतेलाचाही एक प्रकार आहे. कोरडा मैदा ताटात पातळ पसरून २०० अंशांना दर १० मिनिटांनी हलवत तपकिरी करायचा. तो गार स्टॉकमध्ये कालवूनच घालावा, गरम रश्श्यात टाकला तर गुठळ्या ठरलेल्या.

जुनी_शेगडी

मायक्रोवेव्ह! हे म्हणजे पुरणपोळी मिक्सरमध्ये लाटण्यासारखं झालं.

ओव्हनवाला

लुईझियानातले लोक बरणीतला तयार रूही विकत घेतात हो. किराणा दुकानात सरळ मिळतो, आणि आठवड्याच्या मधल्या वारी कितीतरी घरांत तोच वापरतात. न्यू ऑर्लिन्सचे प्रसिद्ध शेफ पॉल प्रुडोम (१९४०–२०१५) तेल धुरावेपर्यंत तापवून काही मिनिटांत गडद रू उडवत. तो हात सरावाचा, घरी पहिल्यांदा करून बघू नका. पण 'तासभर ढवळला तरच खरा' हा नियम तिथल्या उस्तादांनीही पाळलेला नाही.

अर्धा_कांदा

टोमॅटोचं काय मग?

जुनी_शेगडी

केजन गंबोत टोमॅटो नाही. विषय संपला.

पाणथळ

संपला नाही. न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल (वसाहतकाळापासूनच्या जुन्या शहरी) घरांत, खास करून भेंडी-कोळंबीच्या गंबोत टोमॅटो घालणारे खूप आहेत आणि त्यांनाही पिढ्यान् पिढ्यांचा आधार आहे. तुम्ही म्हणता ती केजन शाखा. ते मूळचे अकाडियातले फ्रेंच. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना कॅनडातल्या आजच्या नोव्हा स्कॉशियाच्या परिसरातून हुसकावलं आणि पुढच्या दशकात ते लुईझियानात येऊन वसले. गावाकडची शेतीवाडी, कोंबडी, डुक्कर, गडद रू, हा त्यांचा गंबो. शहरातल्या क्रिओल गंबोत समुद्र आणि बाजार जास्त.

आणि दोघांच्याही आधीचा धागा आफ्रिकेचा आहे. बांटू भाषांत भेंडीला 'कि न्गोंबो' सारखा शब्द आहे, त्यावरून गंबो आला असं बहुतेक मानतात. भेंडी तिकडे पोचली ती गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर. फीले (ससाफ्रास झाडाच्या पानांची पूड) तिथल्या मूळच्या चॉक्टॉ लोकांची, सॉसेजच्या धुरात जर्मन वसाहतवाल्यांचा वाटा. एवढं सगळं एका पातेल्यात सामावलेलं असताना टोमॅटोवर बंदी घालायला फार धैर्य लागतं :)

व्यवहाराचं बोलायचं तर टोमॅटोचा आंबटपणा गडद रूच्या कडवट-खमंग चवीशी भांडतो. तांबूस रूबरोबर आणि भेंडीबरोबर मात्र बसतो. घालायचाच तर अडीच लिटरला दोन मध्यम टोमॅटो, आणि तेही भेंडीबरोबर परतून आटवून.

भेंडीप्रेमी

भेंडीची तार कशी घालवायची? आपण भाजीत आमसूल नाहीतर लिंबू टाकतो, तसं?

बिडाचं_पातेलं

इथे एक गंमत आहे. आपल्याला तार नको असते, गंबोला ती हवी असते, फक्त तंतू दिसता कामा नयेत. भेंडीतला चिकट पदार्थ पाण्यात विरघळून रस्सा दाट करतो, भेंडी घालायची ती त्यासाठीच. आमसुलासारखं आंबट घालून तार मारून टाकली तर दाटपणाही गेला.

कोवळी भेंडी ४५० ग्रॅम, धुऊन पूर्ण कोरडी करून मगच चिरायची, एवढं आपल्याकडे कुणाला सांगायला नको. एक सेंटीमीटरच्या चकत्या, पसरट कढईत दोन-तीन चमचे तेलावर मध्यम आचेवर २० ते २५ मिनिटं, झाकण न ठेवता. आधी तार खूप वाढते, कालथ्याबरोबर दोऱ्या ओढल्या जातात. तिथे धीर सोडून पाणी घालू नका. पुढे त्या आपोआप तुटतात आणि भेंडीला तपकिरी कडा येतात. मग ती गंबोत घालून किमान अर्धा तास शिजवा.

बिडाच्या किंवा लोखंडी कढईत भेंडी परतू नका, काळी पडते. चवीला धोका नाही, पण रंग मळकट दिसतो. म्हणूनच रूला बीड आणि भेंडीला स्टीलची कढई अशी दोन भांडी लागतात.

भेंडीप्रेमी

धन्यवाद. म्हणजे रू असताना भेंडी कशाला, हा प्रश्न उरतोच.

मैदामास्तर

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारलात. पीठ जितकं भाजाल तितकं त्यातलं स्टार्च तुटतं आणि दाटपणा देण्याची ताकद कमी होते. फिकट रू जेवढा रस्सा धरतो, तेवढाच चॉकलेटी रू धरायला गेला तर तो पातळ राहतो. गडद रू चवीसाठी असतो. दाटपणा हवा तर तीन वाटा: रू वाढवा, भेंडी घाला, किंवा शेवटी फीले. 'रू गडद केला आणि गंबो पाण्यासारखा झाला' ही नवख्यांची नेहमीची तक्रार, त्याचं कारण हेच. केजन गंबो मुळात पातळसरच असतो, आपल्या आमटीपेक्षा थोडा दाट. ग्रेव्हीसारखा घट्ट झाला तर तो फसला असंच तिथले लोक म्हणतात.

पाणथळ

फीलेबद्दल थोडं. ससाफ्रास झाडाची पानं वाळवून केलेली हिरवट बारीक पूड. वासाला थाइमसारखी, थोडी मातकट. भेंडी उन्हाळ्यातली, फीले सुकवलेली म्हणून हिवाळ्यातली, अशी जुनी वाटणी. दोन्ही एकाच गंबोत घालू नयेत असं बरेच जण म्हणतात. चव बिघडत नाही, पण रस्सा फार चिकट होतो.

फीले उकळायची नाही, कधीच नाही. उकळली की दोरे सुटतात. फ्रेंचमध्ये 'फीले' या शब्दाचा अर्थच दोऱ्यासारखं कातलेलं. गॅस बंद करून, बुडबुडे थांबले की अडीच लिटरला १ मोठा चमचा चाळून घाला, ५-१० मिनिटं झाकून ठेवा. त्याहून बरं म्हणजे डबी टेबलावर ठेवा, ज्याने त्याने आपल्या वाडग्यात पाव चमचा घालावी. उरलेला गंबो पुन्हा गरम करायचा असेल तर पातेल्यात फीले घालूच नका.

पूड हिरवी असेल तोवरच उपयोगी. तपकिरी झाली की गवताचा भुसा.

सदाभूक

ससाफ्रासवर अमेरिकेत बंदी आहे ना?

पाणथळ

बंदी सॅफ्रोलवर, १९६० पासून. ते प्रामुख्याने मुळाच्या सालीतल्या तेलात असतं, जुन्या रूट बिअरचा स्वाद त्याचाच. पानांत ते नगण्य असतं, म्हणून फीले उघड विकली जाते.

मांडवीकाठ

आंदुई भारतात सहज मिळत नाही. गोव्याचं चौरिस चालेल का? तेही डुकराचंच, धुरावलेलं.

बिडाचं_पातेलं

नको. चौरिसमध्ये व्हिनेगर आणि लाल मिरची भरपूर, ते उकळलं की सगळा रस्सा आंबट आणि तांबडा होतो, रूची चव पार झाकली जाते. आंदुईत लसूण, मिरी आणि लाकडाचा धूर, आंबट काही नाही. कुठलंही साधं धुरावलेलं पोर्क सॉसेज त्याच्या जास्त जवळचं. तेही नसेल तर धुरावलेलं बेकन १५० ग्रॅम आणि लसूण थोडी वाढवा.

पण तुमचा प्रश्न वाटतो तेवढा लांबचा नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये 'चॉरीस' नावाचं ताजं तिखट सॉसेज आहे, स्पॅनिश चोरिझोच्या गोतावळ्यातलं. गोव्याचं चौरिस पोर्तुगीज शाखेचं. नावाने चुलतभाऊ, चवीने वेगळे. ते चॉरीस पालेभाज्यांच्या गंबोत घालतात.

हिरवाईचा_हट्ट

हो, त्या पालेभाज्यांच्या गंबोबद्दल कुणीतरी लिहा. आम्हा शाकाहाऱ्यांच्या नशिबी तेवढंच आहे.

पाणथळ

'गंबो झेर्ब'. न्यू ऑर्लिन्समध्ये ईस्टरआधीच्या गुरुवारी करतात. तिथल्या ट्रेमे भागातल्या डुकी चेस रेस्टॉरंटच्या लिआ चेस (१९२३–२०१९) यांनी ही प्रथा नावारूपाला आणली आणि त्या गुरुवारी तिथे अजूनही याच गंबोसाठी गर्दी होते. पाल्यांची संख्या विषम हवी, ७ किंवा ९, आणि जितके पाले तितके नवे मित्र वर्षभरात मिळतात अशी समजूत. मोहरीचा पाला, कोलार्ड, सलगमचा पाला, बीटचा पाला, गाजराचा पाला, पालक, कोबी, वॉटरक्रेस, कांदेपात, पार्सली यांतून जे मिळेल ते.

पण थांबा. उपवासाच्या काळातला म्हणून तो शाकाहारी असेल असं वाटतं. लिआ चेस यांच्या गंबोत हॅम, बीफ, कोंबडी आणि दोन-तीन प्रकारची सॉसेजं असायची. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे, मांस वर्ज्य, मग आदल्या दिवशी हात सैल. आपल्याकडे श्रावणाआधी गटारीला जे चालतं तेच.

बिनमांसाचा करणारेही आहेतच. सगळे पाले मिळून सव्वा ते दीड किलो, जाड दांडे काढून, चार-पाच पाण्यांतून धुऊन. रेती राहिली तर सगळं मुसळ केरात. दोन लिटर पाण्यात लसूण-कांद्याबरोबर ३० मिनिटं उकळून निथळा, पाणी टाकू नका, तोच स्टॉक. पाला भरड वाटा, गंधासारखा बारीक नको. अर्धा कप तेल, अर्धा कप मैदा, पीनट बटरच्या रंगाचा रू. गडद रू आणि मोहरीचा पाला दोन्ही कडू, एकत्र आले की औषध होतं. धुराची उणीव भासते, त्यासाठी वाटीत पेटता कोळसा, त्यावर थेंबभर तेल, वाटी गंबोत मधोमध ठेवून ५ मिनिटं झाकण. ही आपली युक्ती आहे, तिथली नव्हे, पण काम करते.

हिरवाईचा_हट्ट

भारतात यातले किती मिळतील? मोहरी, पालक, मुळ्याचा पाला, बीटचा पाला, माठ, कोबी, कांदेपात. झाले सात! अंबाडी आणि चुका घातला तर नऊ.

पाणथळ

अंबाडी-चुका नको. आंबट आहेत, वरच्या टोमॅटोसारखंच होईल. त्याऐवजी नवलकोलचा पाला घ्या, तो कोलार्डच्या जवळचा.

कोळंबीकर

कोळंबी-खेकड्याच्या गंबोवर कुणीच बोललं नाही. अडीच लिटरसाठी डोक्यासकट कोळंबी १ किलो, खेकडे ४. कोळंबीची डोकी आणि टरफलं थोड्या तेलात गुलाबी होईतो परतून तीन लिटर पाण्यात ३०-४० मिनिटं उकळून गाळा. आणखी उकळून आणखी चव येत नाही, उलट उग्र होतं. खेकड्याचं कवच काढून आतले राखाडी, बोटांसारखे कल्ले काढून टाका, दोन तुकडे करा. खेकडे स्टॉकबरोबर ४५ मिनिटं, कोळंबी गॅस बंद करण्याआधी ३-४ मिनिटं फक्त. ऑयस्टर असतील तर त्यांच्या पाण्यासकट त्याच वेळी, कडा मुरडल्या की झाले.

रू तांब्याच्या रंगावर थांबवा. गडद रूखाली खेकड्याची गोडसर चव दबते.

आणि कोळंबी-कोंबडी एकाच गंबोत? रेस्टॉरंटांत घालतात. मला तो धरसोडपणा वाटतो.

कडेकडेने

+१. तिखटाचं प्रमाण? अर्धा चमचा केयेन म्हणजे काहीच नाही.

बिडाचं_पातेलं

मुद्दाम कमी आहे. गंबो तिखट नसतो, हा दुसरा मोठा गैरसमज. झणझणीत हवा त्याने टेबलावरचा मिरचीचा सॉस आपल्या वाडग्यात घालावा. गरम मसाला, धने-जिरे यांचा मोह आवरा.

उरलंसुरलं

थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणानंतर उरलेल्या टर्कीच्या गंबोची नोंद हवी. लुईझियानात नोव्हेंबरच्या त्या शुक्रवारी-शनिवारी घरोघरी हेच असतं. टर्कीचा सांगाडा चार तुकड्यांत मोडा, चिकटलेलं सारण पूर्ण काढा, नाहीतर स्टॉक पिठूळ होतो. ४ लिटर पाणी, एक कांदा, सेलरीचे शेंडे, मंद आचेवर ३ तास, गाळून घ्या. धुरावलेल्या टर्कीचा स्टॉक खारट निघतो, निम्मा साध्या पाण्याने भरून काढा. उरलेलं मांस आधीच शिजलेलं असतं, ते शेवटच्या १५ मिनिटांत. कोंबडीसारखं दीड तास शिजवलंत तर दोरा दोरा होतो.

ताज्या कोंबडीबाबतही तेच. ब्रॉयलरला दीड तास जास्त होतो, मांड्या ४०-४५ मिनिटांत शिजतात, काढून ठेवा आणि मांस शेवटी घाला. जुन्या पाककृतींतले दोन-तीन तास अंडी देऊन थकलेल्या निबर कोंबडीसाठी आहेत, आपल्या गावठीसारख्या.

सदाभूक

भात कुठला? आणि बटाट्याचं सॅलड गंबोत बुडवून खातात हे खरं का थट्टा?

पाणथळ

खरं. दक्षिण-पश्चिम लुईझियानात गार, मोहरी-मेयोनेझचं बटाटा सॅलड गरम गंबोच्या वाडग्यात घालतात, काही घरी भाताऐवजी, काही घरी भाताबरोबर. न्यू ऑर्लिन्सवाले नाक मुरडतात. काही केजन घरांत उकडलेली अंडीही सोलून गंबोत सोडतात, शेवटची २० मिनिटं. दोन्ही करून बघण्यासारखं.

भात साधा, मोकळा. तिथे स्थानिक मध्यम किंवा लांब दाण्याचा तांदूळ असतो, क्राउली गावाच्या आसपास मोठी भातशेती आहे. आपल्याकडे कोलम किंवा सोना मसुरी. बासमती, आंबेमोहोर नको, सुवास मध्ये येतो. वाडग्यात गंबो जास्त, भात कमी. आमटी-भाताचं प्रमाण उलटं करा.

जुनी_शेगडी

उरलेला गंबो रात्रभर ओट्यावर झाकून ठेवला तर सकाळी विटतो. फोडणी, मसाला असूनही?

बिडाचं_पातेलं

मसाल्याचा काही उपयोग नाही. मोठं जाड पातेलं मधोमध तासन् तास कोमट राहतं, झाकण असेल तर आणखीच, आणि जिवाणूंना तेच हवं असतं. अमेरिकेतला नियम असा: ५७ अंश सेल्सियसवरून २१ पर्यंत दोन तासांत, तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत. पातेलं बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा किंवा दोन-तीन उथळ डब्यांत वाटून, वाफ गेली की फ्रीजमध्ये. वरचं फसफसलेलं काढून खालचं उकळून खाण्याचा प्रयोग करू नका.

फ्रीजमधून काढल्यावर राहिलेलं तेल वर घट्ट थिजलेलं असतं, चमच्याने अख्खं उचलता येतं. कोंबडीचा गंबो दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, तो थोडा यामुळेही. कोळंबीचा मात्र त्याच दिवशी संपवा. फ्रीझरमध्ये कोंबडीचा तीन महिने चांगला राहतो. भात आणि बटाटा त्यात कधीच घालून ठेवू नका, दोन्हींचा लगदा होतो.

सदाभूक

वाचनखूण साठवली. रविवारी कोंबडीचाच करणार. शेवटचा प्रश्न, १ कप रूचा निम्मा उरवून ठेवता येतो का?

मैदामास्तर

येतो. भाजी घालण्याआधी निम्मा काढा, पण गरम रू स्टीलच्या किंवा बिडाच्या भांड्यातच ओतायचा. तो भांड्यात आणखी गडद होतो, म्हणून ठेवणीतला रू हवा त्याच्या एक छटा अलीकडेच उतरवा. गार झाला की काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये. महिना-दोन महिने आरामात टिकतो. तेल वर येतं, वापरताना ढवळून घ्या.